भाऊची विडी

२४ मे २०२५, शनिवार

जागतिक स्किझोफ्रेनिया दिन म्हणून आज आमच्या स्वमदत गटाची जादा बैठक झाली. यंदा मे महिन्यातच पावसाने ठाण मांडलंय, तरी शुभार्थी (आजार असलेली माणसं) आणि शुभंकर (त्यांची काळजी घेणारे घरचे) मिळून खोली गच्च भरली होती. ‘देवराई’बद्दल बोलणं निघालं. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा तो चित्रपट २००४ सालचा. त्याच्यामुळे या आजाराचं नाव चारचौघांत घेण्याचं बळ आलं, असं बरेच जण म्हणाले. मग एका शुभार्थीच्या वडिलांनी विडीचा विषय काढला. मुलगा दिवसभर ओढतो. “काय करायचं ताई? नोकरी नाही, लग्न नाही, मित्र नाहीत. तेवढाच विरंगुळा आहे पोराला. तोही काढून घेऊ?”

खोलीतल्या बहुतेक माना डोलल्या. मला पटलं नाही आणि मी तसं बोलले. गंभीर मानसिक आजार असलेली माणसं इतरांपेक्षा १० ते २० वर्षं आधी जातात आणि त्यातले बरेचसे मृत्यू हृदयाच्या नि फुप्फुसांच्या दुखण्यांनी होतात. भास आटोक्यात आणायला आपण जिवाचं रान करतो. मग त्याच पोराच्या छातीकडे पाठ का फिरवायची?

२६ मे, सोमवार

जेवण झाल्यावर माझा भाऊ, तोही शुभार्थी, ओट्याशी येऊन उभा राहिला. “ताई, मला विडी सोडायची आहे. मला कुणी विचारलंच नाही कधी.”

खरं आहे. त्याच्या फायलीत इतक्या वर्षांचे कागद आहेत. झोप, भूक, आवाज, संशय, वजन, सगळं लिहिलेलं आहे. विडीबद्दल त्याला काय वाटतं, हे एकाही पानावर नाही. पांडवलेणीच्या पायऱ्या चढताना त्याला मध्येच बसावं लागलं आणि म्हाताऱ्या बायका पुढे निघून गेल्या, तेव्हापासून हे त्याच्या मनात होतं म्हणे.

२९ मे, गुरुवार

डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी सगळं भाऊशी बोलून, त्यालाच समजावून सांगितलं, हे मला फार बरं वाटलं.

भाऊला क्लोझापिन चालू आहे. धुरातली काही रसायनं यकृतातल्या एका एन्झाइमला चेतवतात आणि तो एन्झाइम या औषधाचा झपाट्याने निकाल लावतो. म्हणून ओढणाऱ्याला गोळी जास्त लागते. विडी थांबली की आठवड्याभरात एन्झाइम मंदावतो आणि तीच गोळी रक्तात साठत जाते. प्रमाण दीडपट, कधी त्याहूनही वर जाऊ शकतं. मग गुंगी येते, लाळ गळते, पोट साफ होत नाही, फारच वाढलं तर फिट येण्याचीही भीती असते. ओलान्झापिनचंही बरंचसं असंच आहे. रिस्पेरिडोनच्या बाबतीत हा प्रश्न येत नाही. त्यामुळे सोडण्याचा दिवस डॉक्टरांना आधी कळवायचा, डोस ते सांगतील तसाच उतरवायचा, रक्त तपासायचं. घरच्यांनी आपल्या मनाने एकही गोळी कमी करायची नाही.

मी विचारलं, विडीऐवजी थोडे दिवस तंबाखू-चुना चालेल का, बैठकीत कुणीतरी सुचवलं होतं. ते म्हणाले, अजिबात नाही. एन्झाइम चेतवतो तो धूर, निकोटिन नव्हे. तंबाखू मळून खाल्ली तरी औषध तितकंच वाढणार, वर तोंडाच्या कॅन्सरचा धोका. त्यापेक्षा निकोटिनचं च्युइंगम घ्यावं. ते सावकाश चघळायचं, जिभेला झणझणलं की गालात दाबून ठेवायचं, चव गेली की पुन्हा चघळायचं. गोळ्याही आहेत. त्यातल्या व्हॅरेनिक्लिनने मन बिघडतं असा पूर्वी धाक होता. २०१६ साली ‘लॅन्सेट’मध्ये ८,००० हून जास्त लोकांवरचा अभ्यास आला. त्यातल्या निम्म्यांना मानसिक आजार होता, पण तो स्थिर होता. त्यांच्यात असे त्रास लक्षणीय वाढलेले दिसले नाहीत. आम्ही च्युइंगमने सुरुवात करायची ठरवली. ९ जून ही तारीख भाऊने स्वतः निवडली.

३१ मे, शनिवार

जागतिक तंबाखूविरोधी दिन. शाळेच्या मुलांची फेरी आमच्या गल्लीतून गेली. भाऊ गॅलरीत उभा राहून बघत होता.

महाराष्ट्रात खरा जोर खायच्या तंबाखूचा आणि मिश्रीचा. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत आपल्याकडे धूम्रपान करणारे प्रौढ १०० मागे चारही भरले नाहीत. चेन्नईत स्किझोफ्रेनिया असलेल्या पुरुषांचा एक अभ्यास २००२ मध्ये छापून आला. त्यात ओढणारे ३८ टक्के होते. पाश्चात्त्य देशांत हाच आकडा निम्म्याच्या वर जातो. चेन्नईच्या अभ्यासकांनी पैशाकडे आणि कुटुंबाकडे बोट दाखवलं. आपल्याकडे रुग्ण घरात राहतो, विडीला पैसे घरच्यांकडेच मागतो. म्हणजे सगळा दोष मेंदूच्या माथी मारता येत नाही. घराचा हात यात मोठा आहे, तसा सोडवण्यातही असू शकतो.

‘त्यांना ती लागतेच, ते त्यांचं औषधच आहे’ हे आपण किती सहज म्हणतो. अमेरिकेत या कल्पनेला बळ देणाऱ्या संशोधनाला तंबाखू कंपन्यांनी पैसा पुरवला होता. त्यांच्याच अंतर्गत कागदांवरून २००८ मध्ये संशोधकांनी ते दाखवून दिलं. हे वाचल्यापासून ते वाक्य मला ऐकवत नाही.

९ जून, सोमवार

पहाटेच उठला. उरलेलं बंडल त्याने स्वतः कुस्करून कचऱ्यात टाकलं. आमच्या आत्याने सिन्नरला उभं आयुष्य विड्या वळल्या, तिची बोटं त्याला आठवली असावीत. तो म्हणाला, “आत्याला वाईट वाटलं नसतं ना ग?” मी म्हटलं, तिलाच सगळ्यात जास्त आनंद झाला असता.

मला काळजी टपरीची होती. सुट्या विडी-सिगारेटी विकायला महाराष्ट्रात २०२० पासून बंदी आहे, पण मागणाऱ्याला त्या मिळतातच. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे भाऊला नावाने हाक मारून “झोप लागली का?” असं विचारणारं घराबाहेर ते एकच ठिकाण आहे. ते तोडायचं नव्हतं. मी टपरीवाल्या काकांशी बोलले. ते म्हणाले, “येऊ द्या त्याला. चहा देईन, विडी मागितली तर नाही देणार.”

१२ जून, गुरुवार

दिवसभर पेंगत होता. उशी लाळेने भिजली. शेजारच्या काकू म्हणाल्या, “बघ, विडी सोडली आणि दुखणं उलटलं.” डॉक्टरांनी आधी सांगून ठेवलं नसतं तर आम्हीही हेच धरून चाललो असतो. फोन केला, त्यांनी डोस आणखी एक पायरी खाली आणला, रक्ताची चिठ्ठी दिली. चहाही कमी करायला सांगितला, कारण कॅफिनचा निचरा तोच एन्झाइम करतो. धूर थांबला की नेहमीचा चहासुद्धा छातीत धडधड करतो. आता कप अर्धा.

किती घरांत याच टप्प्यावर कुणीतरी दयेने पुन्हा विडी हातात देत असेल!

२० जून, शुक्रवार

पेंग गेली, चिडचिड आली. ताट ढकललं, रात्री येरझारा. निकोटिन सुटतानाची बेचैनी आणि आजार उसळतानाची बेचैनी वरून सारखीच दिसते. पहिली तीन-चार आठवड्यांत ओसरत जाते. झोप पूर्ण उडाली, संशय वाढला, आवाज हुकूम द्यायला लागले तर थांबायचं नाही, त्याच दिवशी दाखवायचं, असं डॉक्टरांनी बजावलंय. तसं काही नाही.

काल एक ओढली. त्यानेच येऊन सांगितलं. आवाज वाढले का, विचारलं. “आवाज तेवढेच आहेत. ओढली की गोंगाट जरा लांब जातो ताई, पण लगेच परत येतो. मग दुसरी लागते.” त्याचं म्हणणं संशोधनाशी जुळतं. नको असलेले आवाज गाळून टाकण्याची मेंदूची शक्ती या आजारात कमी पडते आणि निकोटिनने ती थोडा वेळ सुधारते. पण ती काही मिनिटंच. पुढे म्हणाला, “हात रिकामा वाटतो.”

या रिकाम्या हाताला गोळी नाही. गंगापूर रोडवरच्या एका रोपवाटिकेत ओळखीने विचारलंय, सकाळी पिशव्या भरायच्या कामाला.

६ जुलै, रविवार

आषाढी. भाऊने उपास केला, च्युइंगम चालतं का म्हणून आईला विचारून घेतलं. रोपवाटिकेत जातो, हात मातीने भरून येतो. विडी पूर्ण सुटली असं लिहिणार नाही. एखाद्या संध्याकाळी घसरतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू करतो.

इंग्लंडमध्ये गंभीर मानसिक आजार असलेल्या ५२६ जणांवर झालेला अभ्यास मी वाचला. नेहमीच्या सोयीतून वर्षअखेर १०० तले १० जण सुटले. ज्यांना आजार समजणारी, घरी येणारी, पुन्हा पुन्हा हात देणारी मदत मिळाली, त्यांच्यातले १५. सहा महिन्यांवरचा फरक याहून मोठा होता, १४ आणि ६. म्हणजे मदतीने यश येतं, पण वर्षअखेरीस तिचा फरक कमी होतो. भाऊसाठी मी मनात कुठलीही शेवटची तारीख धरलेली नाही. डॉक्टरांकडे जाणं जसं चालू राहणार, तसंच हेही.

१२ जुलै, शनिवार

बैठकीत भाऊ बोलला. थोडंच बोलला, पण स्वतः. मग मी मेच्या बैठकीत विडीचा विषय काढणाऱ्या वडिलांच्या मुलाकडे वळून विचारलं, तुला काय वाटतं? तो म्हणाला, “कमी करायची आहे, पण जमत नाही.” वडिलांना हे माहीतच नव्हतं. सोमवारी दोघंही डॉक्टरांकडे जाणार आहेत.

गटाने आज ठरवलं की प्रत्येक शुभंकराच्या वहीत झोप आणि गोळ्यांच्या शेजारी विडी-तंबाखूचाही रकाना असेल आणि वही दर भेटीत डॉक्टरांपुढे ठेवली जाईल. तंबाखू सोडण्यासाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन १८००-११-२३५६ आणि मानसिक आरोग्यासाठीच्या टेलिमानसचा १४४१६ हे दोन्ही क्रमांक वहीच्या पहिल्या पानावर लिहायचे. आणि कुणी ‘असू दे बिचाऱ्याला’ म्हणालं, तर आधी त्या माणसालाच विचारायचं, तुला सोडायची आहे का. ‘हो’ म्हणणारे पुष्कळ निघतील, याची मला खात्री आहे. त्यांना हवी असलेली मदत करणं हा उपचाराचाच भाग आहे.