पाहुण्याला ‘नाही’ म्हणता यावं

परदेशी पर्यटकांना थांबवून त्यांच्यासोबत फोटो काढण्यात गैर काहीच नाही, असं माझं कितीतरी वर्षं ठाम मत होतं. कुणी नावं ठेवली तर मी आमच्या लोकांची बाजू घेऊन भांडायचे. आज ते मत राहिलेलं नाही. ते का बदललं हे सांगावंसं वाटतं, कारण माझं जुनं मत आजही आपल्याकडच्या बहुतेक भल्या माणसांचं मत आहे आणि त्यामागे वाईट हेतू नसतो, हे मला पक्कं ठाऊक आहे.

मी वेरूळची. इथंच वाढले, इथल्याच मुलांना शिकवते. घृष्णेश्वराच्या दर्शनाला येणाऱ्यांची गर्दी आम्हाला बारमाही, पण परदेशी माणसं यायची ती पाऊस सरल्यावर. दिवाळीपासून फेब्रुवारीअखेर त्यांचा हंगाम, आणि नेमका तोच शाळांच्या सहलींचाही हंगाम. डिसेंबरात सकाळी लेण्यांच्या फाटकापाशी जाऊन उभं राहिलं की एसटीच्या गाड्यांची रांग दिसते. मंगळवारी लेणी बंद, म्हणून बुधवारी गर्दी आणखी. चौतीस लेणी आहेत, पण वेळ थोडा असतो. त्यामुळे जो तो आधी सोळा नंबरला, म्हणजे कैलास लेण्यात शिरतो. त्या एका चौकात शाळेची मुलं, देवदर्शन करून आलेली कुटुंबं आणि हातात पुस्तक धरून वर बघणारे परदेशी पाहुणे एकत्र येतात.

पुढचं सगळ्यांच्या पाहण्यातलं आहे. ‘हॅलो, हॅलो’ सुरू होतं. नाव काय, देश कोणता, असं विचारून होतं. मग एक सर पुढे होतात आणि मुलांसोबत एक फोटो मागतात. तो होतो न होतो तोच दुसऱ्या शाळेची रांग लागते. एखादी आई तान्हं बाळ परदेशी बाईंच्या हातात देऊन मोकळी होते. चार तरुण दोन्ही बाजूंना उभे राहतात, त्यातला एक खांद्यावर हात टाकतो. पाहुणी हसत असते. आपण म्हणतो, बघा, किती खूश झाल्या!

मीही तसंच म्हणायचे. माझ्याकडे त्यासाठी कारणं होती, आणि ती पोकळ नव्हती. पहिलं कारण आमच्या मुलांचं. वर्गात इंग्रजी वाक्य उच्चारताना ज्यांची मान खाली जाते, ती मुलं लेण्यात जाऊन परक्या माणसाशी बोलून यायची आणि आठवडाभर त्या आनंदात असायची. शिक्षिकेला याहून जास्त काय हवं? दुसरं कारण आमच्या लोकांचं. घरी आलेल्याला पाण्याचा तांब्या पुढे केल्याशिवाय आम्ही बोलत नाही. त्याच मायेतून बाळ हातात दिलं जातं, असं मला वाटायचं. तिसरं कारण जरा रागाचं होतं. हेच पर्यटक आमच्या गल्लीतून जाताना शेणानं सारवणाऱ्या बायकांचे, उघड्या पोरांचे फोटो घेतात. आम्हाला कुणी विचारतं का? मग आम्ही त्यांचे काढले तर बिघडलं कुठं?

या तिसऱ्या कारणाला पहिला धक्का माझ्या घराच्या दारातच बसला. आई अंगणात बाजेवर शेवया वाळत घालत होती. एक उंच, वयस्क परदेशी गृहस्थ रस्त्यात थांबले. त्यांनी गळ्यातला कॅमेरा नुसता बोटानं दाखवला आणि भुवया उंचावल्या. आई म्हणाली, “नगं बाबा, मी पारोशी हाये.” त्यांना शब्द कळायचं कारण नव्हतं, पण हात हलला तो कळला. त्यांनी कॅमेरा खाली सोडला, दोन्ही हात जोडले आणि पुढे गेले. आई बराच वेळ त्यांच्या पाठीकडे बघत राहिली. मग मला म्हणाली, “मान ठेवला त्यानं.”

तेव्हा मी ते तिथंच सोडून दिलं. पण ‘ते विचारत नाहीत’ हे माझं म्हणणं त्या दिवसापासून पूर्ण राहिलं नाही. न विचारता फोटो काढणाऱ्या पर्यटकाचा मला आजही राग येतो. जपानमधल्या क्योटो शहरात गिओन नावाचा जुना भाग आहे. तिथं पारंपरिक वेशातल्या कलावती मुलींच्या मागे पर्यटक कॅमेरे घेऊन धावू लागले, तेव्हा तिथल्या रहिवाशांनी खासगी गल्ल्यांमध्ये फोटोबंदीच्या पाट्या लावल्या आणि २०२४ साली काही गल्ल्या पर्यटकांना बंद केल्या. त्यांचं मला पटतं. पण ते पटतं म्हटल्यावर मग आमच्या चौकात अडकलेल्या पाहुणीचंही पटलंच पाहिजे. पाहणारा गावचा की परगावचा, यावर माणसाच्या चेहऱ्यावरचा त्याचा हक्क ठरत नाही.

माझं मत खऱ्या अर्थानं बदललं ते चहाच्या एका टपरीवर. पोलंडहून आलेल्या एक निवृत्त चित्रकला शिक्षिका शेजारच्या बाकावर बसल्या होत्या. मीही शिक्षिका म्हटल्यावर बोलणं सुरू झालं. त्यांच्या वहीत कैलासाच्या चौकातल्या हत्तीचं अर्धं रेखाटन होतं. हत्ती अर्धाच का, म्हणून मी विचारलं. तक्रारीचा सूर न लावता त्या म्हणाल्या, की बसले की लोक येतात, उठून उभं राहावं लागतं, मग हात थांबतो. ज्या शिल्पासाठी त्या एवढ्या लांब आल्या होत्या ते रावणानुग्रहाचं, म्हणजे रावण कैलास पर्वत हलवतो तो प्रसंग दाखवणारं शिल्प. ते त्यांनी दोन दिवस येऊनही धड पाहिलं नव्हतं. मी म्हटलं, तुम्ही नाही म्हणायचं होतं. त्या म्हणाल्या, एकदा म्हटलं, तेव्हा लोक हसले आणि फोटो काढला. नंतर वाटलं, आपण यांच्या देशात आहोत, यांना वाईट वाटू नये.

म्हणजे मी इतकी वर्षं ज्या हसण्याला आनंद समजत होते, त्यातलं काही तरी हसणं अशा भिडेचं होतं. एकटी बाई, अनोळखी गाव, भोवती वीस-पंचवीस माणसं. ती हसणार नाही तर काय करील? आपली मुलगी परगावी अशी घोळक्यात सापडली आणि हसत उभी राहिली, तर ती खूश आहे असं आपण म्हणू का?

त्यानंतर मी लेण्यात गेले की माणसांकडे वेगळ्या नजरेनं बघू लागले, आणि आणखी एक गोष्ट लक्षात आली. तिचा मला जास्त त्रास झाला. वेरूळची पहिली बारा लेणी बौद्ध आहेत. तिथं श्रीलंका, थायलंड, म्यानमारचे भिक्खू आणि उपासक येतात. दहा नंबरच्या लेण्यात, ज्याला गावात सुताराची झोपडी म्हणतात, ते बुद्धमूर्तीसमोर बसून सुत्तपठण करतात आणि दगडी फासळ्यांच्या त्या छताखाली आवाज असा घुमतो की आपोआप पाय थबकतात. ही माणसंही परदेशीच. पण त्यांच्याभोवती फोटोसाठी घोळका जमत नाही, त्यांच्या हातात कुणी बाळ देत नाही. आफ्रिकेतून शिकायला आलेले विद्यार्थी शहरातून लेणी बघायला येतात, तेव्हा तर कुजबुज आणि खिदळणं ऐकू येतं. घोळका जमतो तो गोऱ्या कातडीभोवती, त्यातही बाईभोवती. मी ज्याला आमचा पाहुणचार म्हणत होते तो जर खरंच पाहुणचार असता, तर त्यानं रंग बघितला नसता. हे एकदा दिसल्यावर माझं दुसरं कारणही उभं राहिना.

वेरूळ हे बघत बसण्याचं ठिकाण आहे, हेही मी इथं राहून विसरले होते. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात, आठव्या शतकात, डोंगर वरून खाली कोरत आणून कैलास घडवला. रावणानुग्रहाच्या शिल्पात रावण तळाशी बळ लावतो आहे, वर पार्वतीनं घाबरून शिवाचा हात धरला आहे, मागे दासी पळते आहे, आणि शिव स्वस्थ आहे. हा सगळा खेळ नजरेला उलगडायला निवांत वेळ लागतो, उन्हाची तिरीप सरकावी लागते. अठराव्या शतकाच्या अखेरीस पेशवे दरबारातला इंग्रजांचा वकील चार्ल्स मॅलेट याला या लेण्यांची ओढ लागली. त्याच्यासाठी पुण्याच्या गंगाराम तांबटानं इथली चित्रं काढली. जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकारानंही काढली. वेल्स १७९५ साली वारला आणि त्याची वेरूळची चित्रं टॉमस डॅनियलनं १८०३ साली छापून प्रसिद्ध केली. गंगाराम आणि वेल्स, एक इथला, एक परदेशी. दोघांनाही या दगडासमोर निवांत बसता आलं, म्हणून ती चित्रं झाली. आज कुणी वही उघडून बसलं, तर तेवढी जागा आणि तेवढी शांतता त्याला मिळायला हवी. बहुतेक परदेशी माणसांना इथं ६०० रुपयांचं तिकीट आहे, आपल्याला ४० रुपयांचं. पण ही शांतता तिकिटाच्या हिशेबात धरू नये. ती दोघांनाही सारखीच मिळायला हवी.

इथं विक्रेत्यांचा विषय निघतो. त्यांना आणि फोटोवाल्यांना एकाच मापानं मोजणं मला मान्य नाही. स्फटिक, दगडी हत्ती, माळा, पुस्तकं विकणारी ही आमच्याच गावातली माणसं. २०२० साली लेणी बंद झाली, तेव्हा त्यांच्या चुली कशा पेटल्या ते मी जवळून पाहिलं आहे. ते मागे लागतात ते पोटासाठी, आणि त्यांच्यातल्या जुन्या जाणत्यांना गिऱ्हाइकाची मान एकदा हलली की थांबायचं कळतं. ज्यांना कळत नाही, त्यांनी शिकावं असं मी त्यांच्या तोंडावर सांगते. पण फोटोवाल्यांचं पोट त्या फोटोवर नाही. त्यांना थांबायला काहीच अडचण नाही.

राहिलं माझं पहिलं कारण, मुलांच्या इंग्रजीचं. ते मी सोडलेलं नाही, सोडणारही नाही. फक्त रीत बदलली आहे. आता आमची मुलं लेण्यात घोळक्यानं कुणाकडे जात नाहीत. दोघं जातात. आधी विचारतात, दोन मिनिटं बोलू का? समोरचा नको म्हणाला तर थँक्यू म्हणून परत येतात. ‘नको’ ऐकून हसतमुखानं परत येणं हा मी आता धडाच मानते, कारण ही मुलं उद्या मोठी होतील आणि त्यांना घरात, कामावर, रस्त्यात कितीदा तरी कुणाचं ‘नको’ ऐकावं लागेल. आणि बोलायचं तर काय बोलायचं, याचीही तयारी आम्ही वर्गात करतो. कोण, कुठले, एवढ्यावर थांबायचं नाही.

गेल्या हंगामात सातवीतली एक मुलगी अशीच एका जोडप्यापाशी गेली. त्यांनी मान डोलावल्यावर तिनं रावणाकडे बोट केलं आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगू लागली. हा राजा, याला गर्व झाला, यानं डोंगर हलवला. मग तिचे शब्द संपले. तिनं उजव्या पायाचा अंगठा जमिनीवर दाबून दाखवला, शिवानं कसा डोंगर दाबला ते. ते दोघं वाकून मूर्तीच्या पायाकडे बघू लागले. त्या मुलीचा चेहरा मी तेव्हा पाहिला. फोटो मागून परत आलेल्या कुठल्याच मुलाच्या चेहऱ्यावर मला तसा रुबाब दिसला नव्हता. ती काही मागायला गेली नव्हती, द्यायला गेली होती. पाहुणचार मी त्याला म्हणते.

याचा अर्थ कुणाशी बोलूच नये, फोटो काढूच नये, असा मुळीच नाही. ओळख झाली, दोन गोष्टी झाल्या, दोघांनाही वाटलं, तर खुशाल काढावा. तसे फोटो आमच्याही घरात आहेत आणि ते मला प्रिय आहेत. अट एकच. समोरच्याला नाही म्हणायला जागा असली पाहिजे, आणि तो नाही म्हणाला तर ते तिथंच संपलं पाहिजे. आईनं नाही म्हटलं आणि परक्या माणसानं हात जोडले. तेवढा मान आमच्या गावात आलेल्या प्रत्येकाला मिळावा, मग तो पोलंडचा असो, श्रीलंकेचा असो की नायजेरियाचा.

या हिवाळ्यात सहल घेऊन वेरूळला येणाऱ्या शिक्षकांना माझी विनंती आहे. गाडी फाटकापाशी थांबली की मुलांना उतरू देण्याआधी पाच मिनिटं घ्या. कैलासात काय बघायचं ते सांगा, आणि कुणी पाहुणा भेटला तर आधी विचारायचं, नको म्हटलं तर मागे फिरायचं, एवढं सांगा. आणि मुलांच्या देखत आपणही तसंच वागा, कारण फोटो मागायला पुढे होणारा पहिला माणूस बहुतेकदा आपल्यापैकीच एक असतो.