उताराचा मोह

डोंगराळ मुलखांत पाहुणा म्हणून गेलेल्या माणसानें संध्याकाळीं सायकलवर कोणत्या रस्त्यानें फिरावयास जावें, हा कांहीं विचार करण्याजोगा प्रश्न आहे, असें गेल्या वैशाखापर्यंत मला वाटत नव्हतें. पुण्यांत वाढलेल्या माणसास सायकलीचें नावीन्य तें काय? तासाच्या भाड्यानें सायकल आणून, दांडीखालून पाय घालून, आम्हीं लहानपणीं सारें पुणें पालथें घातलें होतें. मला सायकल शिकविली ती दादांनीं. ते माझ्याहून सात वर्षांनीं वडील.

वैशाखांत पुतण्यानें आम्हां सर्वांस परंदवडीस बोलाविलें. सोमाटणें फाट्याहून आंत वळलें कीं हें गांव लागतें. दक्षिणेस पवनेचें खोरें, आणि दृष्टि टाकावी तिकडे मावळचे डोंगर. मुलांच्या सायकली ओसरीवर उभ्याच होत्या. पहिल्याच संध्याकाळीं दादा आणि मी दोन सायकली घेऊन निघालों आणि मीं नदीच्या बाजूचा रस्ता धरला. कारण एवढेंच कीं, तो उतरता होता. पायडल न मारतां सायकली धांवत होत्या, वारा पाठीशीं होता. “वा! काय सुरेख रस्ता!” असें मी दोनदां तरी म्हणालों असेन.

परततांना तोच रस्ता चढाचा झाला आणि पाठीचा वारा तोंडावर आला. सातच्या सुमारास सूर्य मावळला. आपल्याकडे संधिप्रकाश अर्धा तासही टिकत नाहीं. वाटेंत दादा खालीं उतरले. “चेन सैल झालेली दिसते,” असें म्हणाले. मीं वांकून पाहिलें. चेन घट्ट होती. दादांचा हात मात्र कांपत होता, आणि तें एवढें वाक्य बोलतांना त्यांना मध्यें थांबावें लागलें होतें.

आदल्या वर्षीं त्यांच्या हृदयावर शस्त्रक्रिया झाली होती. डॉक्टरांनीं सायकलीस परवानगी दिली ती एका अटीवर: चालवितां चालवितां सहज बोलतां आलें पाहिजे, बोलणें तुटूं लागलें कीं, श्रम अधिक झाले असें समजून थांबावें. ही अट मला ठाऊक होती. उताराच्या आनंदांत ती मी विसरलों होतों. मोठ्या भावानें धाकट्यापुढें दम लागल्याचें कबूल करावें कसें? म्हणून बिचाऱ्या चेनीवर आळ! दोन्ही सायकली दोन हातांनीं ढकलीत मी पुढें, आणि ते सावकाश मागें, असे आम्ही अंधारांत घरीं आलों. वहिनी दाराशीं उभ्या होत्या. त्यांनीं कांहींच विचारलें नाहीं, तेंच मला अधिक लागलें.

दुसऱ्या दिवशीं पहाटे मी एकटाच रस्ते पाहावयास निघालों. मोटारसायकलीवर दूध घालणाऱ्या एका गृहस्थांस चढाविषयीं विचारलें, तर ते म्हणाले, “चढ कसला? सगळं सपाटच हाय की!” ज्याला इंजिन ओढून नेतें, त्याला चढ दिसावा कोठून? पुढें सायकलवरून येणारी एक शाळकरी मुलगी भेटली. तिनें क्षणाचाही विचार न करतां सांगितलें, “त्या वडापर्यंत बसून जाता येतं, आजोबा. पुढं उतरावं लागतं.” रस्त्याची खरी मोजणी तिच्या पायांनीं केली होती. वीस फुटांस एक फूट चढणारा रस्ता डोळ्यांस जवळजवळ सपाटच वाटतो. पण त्याच वेगानें त्यावर जावयाचें म्हटलें तर पायांस सपाटीच्या चौपटीहून अधिक काम पडतें.

मावळ म्हणजे नुसते चढउतार, ही समजूतही त्या दिवसांत गेली. मोठा चढ आहे तो बोरघाटांत. १८६३ सालीं आगगाडी ज्या मार्गानें घाट चढली, तेथें ३७ फुटांस १ फूट असा चढ आहे, आणि आजही बहुतेक गाड्यांस कर्जतहून मागें जादा इंजिनें लावावीं लागतात. एकदां लोणावळें आलें कीं तेथून पुणें ६४ किलोमीटर, आणि उंचींतील फरक फार तर साठ-सत्तर मीटरांचा. म्हणजे खोऱ्याच्या लांबीनें जाणाऱ्यास मावळ बराचसा सपाट आहे. खोरें आडवें ओलांडूं पाहणाऱ्यालाच तो डोंगराळ भासतो.

त्यावरून मीं कांहीं नियम बसविले. जो थोडा चढ असेल तो जातांना, ताज्या दमांत घ्यावा; उतार परतीसाठीं राखावा. वैशाखांत संध्याकाळचा वारा पश्चिमेकडून येतो, म्हणून निघतांना पश्चिमेस तोंड करावें. परततांना तोच वारा मागून हात देतो. पांचला निघून सहाला, कोठेंही असलों तरी, मागें वळावें. फाट्यावरील मोटारींच्या गर्दींत शिरूं नये. द्रुतगती मार्गावर तर सायकलीस मनाईच आहे. आणि रस्ता निवडावा तो सर्वांत दमदार माणसासाठीं नव्हे, तर ज्याचा दम सर्वांत कमी त्याच्यासाठीं. मात्र तसें त्याला कळूं देऊं नये.

या शेवटच्या नियमाचा मला अभिमान वाटत होता. पुढचे आठ दिवस आम्ही पश्चिमेकडच्या गांवरस्त्यानें वडापर्यंत जात होतों आणि बोलत बोलत परत येत होतों. दादांचें बोलणें एकदांही तुटलें नाहीं. वडाशीं आलों कीं “आज माझे पाय दुखतात” असें म्हणून मीच मागें वळत असें.

निघण्याच्या आदल्या संध्याकाळीं सायकली ओसरीवर लावतांना दादा हळूच म्हणाले, “तुला शिकवीत होतों ना, तेव्हां मीही पर्वतीकडचा चढ टाळीत असें. तूं विचारलेंस तर म्हणावयाचा, तिकडे रस्ता खराब आहे.”

मीं मान खालीं घातली आणि उगाच चेन तपासूं लागलों.