सीडी नसलेल्या ड्रायव्हरची गोष्ट

२०१९चा ऑक्टोबर महिना. परतीचा पाऊस जायचं नाव घेत नव्हता. दारव्ह्याच्या आसपास सोयाबीन शेतातच काळं पडत होतं आणि फुटलेला कापूस झाडावरच भिजत होता. अशाच एका संध्याकाळी गावावर वीज कडाडली आणि आमच्या दुकानातल्या कॉम्प्युटरचा लॅन पोर्ट गेला. मोडेम वाचला, प्रिंटर वाचला, कॉम्प्युटरही सुरू होत होता. फक्त त्याचं जगाशी बोलणं बंद झालं.

दुकान म्हणजे काय, तर झेरॉक्स, पासपोर्ट फोटो, लॅमिनेशन आणि ‘येथे सर्व प्रकारचे ऑनलाइन फॉर्म भरून मिळतील’ अशी पाटी. दुकान भाऊ चालवतो. मी अमरावती विद्यापीठाची बीसीए केलेली. त्या वर्षी घरीच होते, म्हणून दुपारी दुकानात बसायचे. नवीन माणूस आला की मला पाहून हमखास विचारायचा, "भाऊ कुठी गेला?" मी आहे ना, सांगा काय काम आहे, असं म्हटलं की तो थोडा थांबायचा. मग हळूच म्हणायचा, "मंग ताई, माया सातबारा काढून द्या."

त्या आठवड्यात मात्र सातबाऱ्यापेक्षा मोठं काम होतं ते स्कॉलरशिपचं. अल्पसंख्याक मुलांची प्री-मॅट्रिक शिष्यवृत्ती, केंद्र सरकारची. सच्चर समितीचा अहवाल आला २००६मध्ये आणि ही योजना सुरू झाली २००८मध्ये. पहिली ते दहावीच्या मुलांसाठी. घरचं वार्षिक उत्पन्न एक लाखाच्या आत हवं आणि मागच्या परीक्षेत निम्मे तरी गुण हवेत. घरी राहून शिकणाऱ्या मुलाला महिन्याला शंभर रुपये, म्हणजे दहा महिन्यांचे हजार. सहावीपासून पुढे त्यात फीची थोडी भर. हजार रुपयांत काय होतं, असं शहरात कोणी विचारेल. आमच्याकडे कापूस वेचणाऱ्या बाईला किलोमागे मोजके रुपये मिळतात. तिला विचारा, हजार रुपयांसाठी किती किलो वेचावा लागतो.

गल्लीतली एक खाला अशीच. नवरा वारलेला, दोन मुली. मोठी सातवीत, धाकटी चौथीत. मोठीचा फॉर्म नूतनीकरणाचा होता. तो एकदा चुकला की पुढच्या वर्षी पुन्हा नव्या अर्जदारांच्या रांगेत. शेवटची तारीख दोन दिवसांवर होती. खाला कागदांची पिशवी घेऊन आली आणि म्हणाली, "बेटा, हो जाएगा ना?"

मी म्हटलं, "हो जाएगा."

इथून माझी फजिती सुरू झाली.

भाऊ टोनर आणायला यवतमाळला गेला होता. येताना त्याने साडेतीनशे रुपयांचा यूएसबी वायफाय अॅडाप्टर आणला. नखाएवढा काळा तुकडा आणि त्याला एक छोटा अँटेना. मोडेमला वायफाय होतंच, म्हणजे हा तुकडा लावला की काम झालं, असा आमचा हिशेब. डबीत तळहातावर मावेल एवढी छोटी सीडी होती. दुकानदाराने भावाला बजावून सांगितलं होतं, "सीडी सांभाळा, तिच्याशिवाय हे चालत नाही." दुसऱ्या दिवशी पहाटे भाऊ अब्बांना घेऊन तपासणीसाठी नागपूरला गेला आणि दुकान माझ्यावर आलं.

आमच्या कॉम्प्युटरचा सीडी ड्राइव्ह कधीच मेलेला होता. त्याचा ट्रे टाचणीने उघडायचा, आणि आत सीडी ठेवली की तो नुसता घरघर करायचा. अॅडाप्टर लावला तर कोपऱ्यात पाटी आली, ड्रायव्हर सापडला नाही. डिव्हाइस मॅनेजर उघडलं. तिथे अॅडाप्टरच्या नावापुढे पिवळ्या त्रिकोणात उद्गारचिन्ह. नेट सुरू करायला ड्रायव्हर हवा आणि ड्रायव्हर मिळवायला नेट हवं. विहिरीत पडलेली बादली काढायला दोर हवा, आणि दोर त्या बादलीलाच बांधलेला.

कोणी म्हणेल, मोबाइलवर भरायचे फॉर्म. भरून पाहिला. पण स्कॅनर कॉम्प्युटरला जोडलेला. बोनाफाइड, आधार, बँकेचं पासबुक, सगळं स्कॅन करून ठरावीक केबीत बसवायचं. मोबाइलवर एक पान भरेपर्यंत साइट बाहेर काढायची. दोनदा पहिल्यापासून सुरू केलं आणि सोडून दिलं.

मग मी ती चूक केली, जी बहुतेक जण करतात. मोबाइलवर शोधलं, ‘वायफाय ड्रायव्हर डाउनलोड’. पहिल्याच ओळीत हिरवं मोठं बटण दिसलं. फाइल उतरवली, मोबाइलचं मेमरी कार्ड काढून कार्ड रीडरने कॉम्प्युटरला लावलं आणि फाइल चालवली. तो ड्रायव्हर नव्हताच. तो ‘तुमचे तेवीस ड्रायव्हर जुने झाले आहेत, पैसे भरा’ असं सांगणारा एक भामटा प्रोग्रॅम होता, आणि त्यालाही चालायला नेट लागत होतं! तो काढून टाकण्यात माझा तास गेला. बाहेर खाला पायरीवर बसून होती. तिला काय सांगणार?

चहा घेतला आणि बीसीएच्या प्रॅक्टिकलची वही डोक्यात उघडली. ड्रायव्हर म्हणजे असतं तरी काय? तो असतो दुभाष्या. अॅडाप्टरमधल्या चिपची भाषा वेगळी, विंडोजची वेगळी. दोघांच्या मध्ये बसून इकडचं तिकडे सांगणारा म्हणजे ड्रायव्हर. सीडी ही त्या दुभाष्याची फक्त पिशवी. पिशवी नसली तरी माणूस सापडू शकतो. फक्त दुभाष्या कोणत्या भाषेचा हवा, ते ठाऊक पाहिजे.

डबीवर कंपनीचं धड नाव नव्हतं. असतं तरी उपयोग नव्हता. एकाच नावाच्या डब्यांत वेगवेगळ्या चिपा निघतात आणि दहा वेगळ्या नावांच्या डब्यांत एकच चिप. खरी ओळख आत असते. डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या पिवळ्या त्रिकोणाच्या ओळीवर उजवं क्लिक, मग प्रॉपर्टीज, मग डिटेल्स, आणि तिथल्या यादीत हार्डवेअर आयडी. त्याला दोन आकडे असतात. व्हीआयडी म्हणजे बनवणाऱ्याचा आणि पीआयडी म्हणजे वस्तूचा. आमच्या अॅडाप्टरचा व्हीआयडी निघाला १४८एफ आणि पीआयडी ७६०१. हे आकडे मोबाइलवर शोधले तर लगेच उत्तर आलं, चिप एमटी ७६०१, मीडियाटेकची. गंमत म्हणजे १४८एफ हा आकडा मूळ रॅलिंक नावाच्या कंपनीचा. २०११मध्ये ती मीडियाटेकने घेतली, पण चिपेच्या पोटात ओळख जुनीच राहिली.

हे वाचून मला हसू आलं. आम्हालाही लोक डबीवरचं नाव वाचूनच ओळखतात. नाव सांगितलं की समोरचा कौतुकाने म्हणतो, "तुमचं मराठी छानच आहे हो!" माझ्या आजोबांचे आजोबाही याच मातीत गेले. मराठी छान नसेल तर काय असेल? कॉम्प्युटर बरा. तो डबी वाचत नाही, आतला आकडा विचारतो.

चिप कळली, ड्रायव्हर उतरवला, मेमरी कार्डातून कॉम्प्युटरवर आणला. अपडेट ड्रायव्हर, ब्राउज माय कॉम्प्युटर, फोल्डर दाखवलं. उत्तर आलं, हा ड्रायव्हर या सिस्टिमसाठी नाही. मी कपाळावर हात मारला. आमचं विंडोज सेव्हन ३२ बिटचं, आणि मी घाईत ६४ बिटचा ड्रायव्हर उतरवला होता. कॉम्प्युटरच्या प्रॉपर्टीजमध्ये सिस्टिम टाइप स्वच्छ लिहिलेला असतो. ते पाहायला दहा सेकंद लागतात. तेवढ्यात लाइट गेली. रात्री नऊपर्यंत आली नाही. खालाला घरी पाठवलं. ती काही बोलली नाही. जाताना फक्त म्हणाली, "कल मैं काम पे नहीं जाऊँगी, सुबह आती." एक दिवसाची मजुरी माझ्या घाईच्या खात्यात जमा झाली.

रात्रभर झोप नीट लागली नाही. अब्बा आठवत राहिले. अब्बा उर्दू शाळेत शिकलेले. पण तीस वर्षं ते दारव्हा तहसीलसमोर टेबल टाकून मराठीत अर्ज लिहून द्यायचे. ‘मा. तहसीलदार साहेब यांचे सेवेशी, अर्जदार विनंतीपूर्वक सादर करतो की...’ त्यांचं अक्षर पाहून बाबू लोकही विचारायचे, अर्ज कोणी लिहिला? माणूस रडत, शिव्या देत, आडवळणाने आपलं गाऱ्हाणं सांगायचा. बंजारा तांड्यावरचा असो, आदिवासी पोडावरचा असो की आमच्या मोहल्ल्यातला. अब्बा त्यातून सरकारला कळेल अशा सात ओळी काढायचे. सरकारचं उत्तर आलं की ते त्या माणसाला कळेल अशा बोलीत सांगायचे. पुढे अर्ज ऑनलाइन झाले आणि ते टेबल उठलं. दुभाष्या उठला, पण दोन भाषा दोनच राहिल्या. आमचं दुकान म्हणजे त्याच टेबलाचं पुढचं रूप, हे त्या रात्री मला पहिल्यांदा नीट कळलं.

सकाळी शटर उघडलं तर खाला पायरीवर, दोन्ही मुली शाळेच्या कपड्यांत. मी ३२ बिटचा ड्रायव्हर शोधायला मोबाइल काढला तर चार्जिंग संपलेलं. मोबाइल कॉम्प्युटरला चार्जिंगला लावला आणि बडबडले, "याच्याचतून नेट घेता आलं असतं, पण काल लावून पाहिलं, कॉम्प्युटरला मोबाइल दिसतच नाही." झेरॉक्ससाठी आलेला दहावीतला एक पोरगा म्हणाला, "बाजी, ही केबल नुसत्या चार्जिंगची असंल. माझी लावून पाहा."

त्याची केबल लावली. टुण्ण असा आवाज आला. मोबाइलच्या सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग सुरू केलं आणि कॉम्प्युटरच्या कोपऱ्यात नेटचं चिन्ह उमटलं. कोणता ड्रायव्हर नाही, सीडी नाही. विंडोजला मोबाइलशी बोलायची भाषा आधीपासून येत होती. स्वस्त केबलमध्ये फक्त विजेच्या तारा असतात, डेटाच्या नसतात. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात. बीसीए झालेल्या मला हे सुचलं नाही, दहावीतल्या पोराला सुचलं. खरं सांगायचं तर माझं सगळं लक्ष ड्रायव्हरवर होतं, आणि खालाला ड्रायव्हर नको होता. तिला फॉर्म भरायचा होता.

आधी मोठीचा फॉर्म भरला, मग धाकटीचा. ओटीपी खालाच्या साध्या फोनवर आला. तिला वाचता येत नव्हता, धाकटीने एकेक आकडा मोठ्याने वाचला. दोन्ही प्रिंट हातात दिल्या तेव्हा खालाने त्या ओढणीत गुंडाळल्या, पावसात भिजू नयेत म्हणून. पैसे विचारले. मी घेतले नाहीत. ती रागावली आणि वीस रुपये टेबलावर ठेवूनच गेली. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत सतरा फॉर्म भरले.

अॅडाप्टरचं काम दुपारी दहा मिनिटांत झालं. ३२ बिटचा ड्रायव्हर उतरवला, फाइल उलगडली, विंडोजला आयएनएफ फाइल असलेलं फोल्डर दाखवलं आणि पिवळा त्रिकोण गेला. ते फोल्डर मी एका पेन ड्राइव्हवर ठेवून दिलं आणि वर कागद चिकटवला. आजही दुकानात कोणी अडला की आम्ही हाच क्रम सांगतो. आधी आकडा पाहा, मग बिट पाहा, ड्रायव्हर शक्यतो बनवणाऱ्याच्याच साइटवरून घ्या, आणि हिरव्या मोठ्या बटणाला हात लावू नका. नेट तातडीने हवं असेल तर डेटाची केबल आणि टेदरिंग. ती छोटी सीडी अजून आहे. पुतण्या तिचा आरसा करून भिंतीवर ऊन नाचवतो.

खालाच्या मोठ्या मुलीला शिष्यवृत्ती मिळाली, धाकटीलाही. मग २०२२ आलं. मोठी दहावीत, धाकटी सातवीत. दोघींचे फॉर्म आम्ही वेळेत भरले होते. नेट उत्तम चाललं होतं, एकही पान अडकलं नव्हतं. नोव्हेंबरमध्ये कळलं की शिष्यवृत्ती आता फक्त नववी-दहावीला. पहिली ते आठवीचं शिक्षण कायद्याने मोफतच आहे, तेव्हा त्यांना ती नको, असं कारण. वह्या, चपला, रिक्षाचं भाडं त्या कायद्यात कुठे बसतं, हे विचारायला पोर्टलवर रकाना नव्हता.

खाला दुकानात आली. मी तिला समजावून सांगितलं, अब्बा सांगायचे तसं, सरकारचं म्हणणं तिच्या बोलीत. तिने सगळं ऐकून घेतलं. मग कॉम्प्युटरकडे पाहिलं आणि विचारलं, "बेटा, मशीन फिर बिगड़ गई क्या?"

मी म्हटलं, "नहीं खाला. मशीन अच्छी है."

त्या पिवळ्या त्रिकोणावर उपाय होता. ह्यावर माझ्याकडच्या पेन ड्राइव्हमध्ये काहीच नव्हतं. मी कोरा कागद घेतला, वर ‘सेवेशी’ लिहिलं आणि खालाला म्हटलं, बसा, आधी चहा घेऊ, मग काय लिहायचं ते सांगा.