आम्ही आणि आपण

"आम्हीं सिंधुदुर्ग किल्ला पाहिला आहे," हें वाक्य आम्ही गेलीं २८ वर्षें चारचौघांत निःसंकोच उच्चारीत आलों आहों. वाक्य व्याकरणशुद्ध आहे. फक्त तें खरें नाहीं. १९९७ च्या डिसेंबरांत, लग्न होऊन पंधरा दिवस झाले असतील, आम्ही उभयतां मालवणास गेलों. धक्क्याशीं होडी लागली होती. शिवछत्रपतींनीं १६६४ सालीं बांधावयास घेतलेला तो जलदुर्ग समोर कुरटे बेटावर दिसत होता. आणि ऐन वेळीं आमचें डोकें दुखूं लागलें. सौ. एकटीच होडींत बसली व किल्ला पाहून आली; आम्ही किनाऱ्यावर एका इंग्रज निबंधकाराचें पुस्तक वाचीत बसलों. पुढें लोकांना सांगतांना तिचें पाहणें आम्हीं आमच्या 'आम्ही'मध्यें बेमालूम मिसळून टाकलें. तिनें कधीं दुरुस्ती केली नाहीं.

डोकें दुखत नव्हतें, हें आज प्रथमच कबूल करीत आहों. आम्हांस पाण्याचें भय होतें. मातोश्रींचें माहेर पुण्यांत नारायण पेठेंतलें. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटलें तेव्हां त्या शाळकरी होत्या. नेसत्या कपड्यांनिशीं घर सोडून पळाल्या. पुढें आपल्या मुलाला त्यांनीं नदी, विहीर, तलाव यांपैकीं कशाच्याही कांठीं फार वेळ उभें राहूं दिलें नाहीं. वडिलार्जित घराच्या वांटण्या होतात, दागिन्यांच्या होतात. भीति मात्र प्रत्येक वारसाला पुरीच्या पुरी मिळते.

दोन वर्षांपूर्वीं मुलगी नोकरीनिमित्त परगांवीं गेली आणि घरांत दोघेंच उरलों. तेव्हां ध्यानांत आलें, कीं दूध, विजेचें बिल आणि गुडघेदुखी हे तीन विषय संपले म्हणजे बोलावयास चौथा विषय नाहीं. भांडण होतें असेंही नव्हे. भांडावयाचें तरी दोन माणसांना एका जागीं यावें लागतें; आम्ही एका घरांत राहून दोन खोल्यांत वागत होतों.

अशा वेळीं घरांत दोन गोष्टी शिरल्या. पहिली मांजर. आषाढांतल्या एका संध्याकाळीं सौ.नें जिन्याखालीं भिजत पडलेलें एक पिलूं ओढणींत गुंडाळून वर आणलें. त्याचें नांव 'कादंबरी' ठेवावें अशी सूचना आम्हीं केली. सौ.नें 'मनी' म्हटलें आणि पिलानें त्याच नांवाला ओ दिली. मनी सौ.च्या मांडीवर निजे, तिच्या पायांत घोटाळत स्वयंपाकघरांत हिंडे. आमच्याशीं तिचा संबंध एवढाच, कीं आम्ही उत्तरपत्रिका तपासावयास घेतल्या म्हणजे ती नेमकी वरच्या उत्तरपत्रिकेवर येऊन बसे, आणि कुरवाळावयास हात पुढें केला कीं निसटून जाई.

दुसरी गोष्ट म्हणजे सौ.ची कल्पना. एका रात्रीं जेवतांना ती म्हणाली, "अहो, तारकर्लीला समुद्राच्या तळाशीं उतरायला शिकवतात. मला शिकायचें आहे."

"जा कीं," आम्ही उदारपणें म्हणालों.

"एकटी जाऊन आलें एकदां," ती ताटाकडे पाहत म्हणाली. "ह्या खेपेला एकटी जायचें नाहीं."

त्या डोकेदुखीचा इतक्या वर्षांत तिनें केलेला हा पहिला उल्लेख होय. आम्हांस जेवण गोड लागलें नाहीं. परंतु दुसऱ्या दिवशीं आम्हीं पोहण्याच्या तलावावर नांव घातलें.

ह्या विद्येच्या दारांत पाऊल टाकावयाचें तर आधीं २०० मीटर पोहतां आणि १० मिनिटें तरंगतां आलें पाहिजे. वयाच्या चौपन्नाव्या वर्षीं तलावाच्या उथळ बाजूस कठडा धरून उभें राहणें म्हणजे काय, हें अनुभवावांचून कळावयाचें नाहीं. शेजारीं सहा वर्षांची एक चिमुरडी होती. ती आम्हांस रोज सांगे, "आजोबा, तुम्ही पायच हलवत नाहीं." शिकविण्यांत आमचीं तीस वर्षें गेलीं, पण इतकी नेमकी चूक दाखविणें आम्हांस साधलें आहे असें वाटत नाहीं. सौ. सहा आठवड्यांत पोहूं लागली. आम्हांस आठ महिने लागले.

पुस्तकी भाग मात्र आमचा होता. दहा मीटर खोलीवर दाब पृष्ठभागावरच्या दुप्पट होतो. १९४३ सालीं कूस्तो आणि गान्यां ह्या दोघां फ्रेंच गृहस्थांनीं जें यंत्र सिद्ध केलें, त्यांतून पाणबुड्यास भोंवतालच्या दाबाइतक्याच दाबाची हवा मिळते. ती छातींत कोंडून वर यावें, तर वाटेंत ती फुगून दुप्पट होऊं पाहते व फुप्फुसास इजा करते. रॉबर्ट बॉइलचा १६६२ चा नियम आम्हीं शाळेंत घोकला होता. तो आपल्या छातीलाही लागू आहे हें तेव्हां सुचलें नव्हतें. म्हणून ह्या शास्त्राची पहिली आज्ञा अशी, कीं श्वास कधींही कोंडूं नये. आणि भ्यालेला मनुष्य पहिल्यानें करतो तें हेंच!

आम्ही रोज रात्रीं कोचावर उताणे पडून संथ श्वासाचा अभ्यास करूं लागलों. चौथ्या कीं पांचव्या रात्रीं एक नवल घडलें. मनी आली, क्षणभर आमच्याकडे पाहत राहिली, आणि छातीवर चढून बसली. ती घुरघुरूं लागली. मांजराची घुरघुर श्वास घेतांना व सोडतांना, दोन्ही वेळीं, अखंड चालते. मध्यें खंड असा पडतच नाहीं. तिच्या लयींत आमचा श्वास आपोआप बसला. ज्या रात्रीं मन बेचैन असे त्या रात्रीं ती छातीवर येत नसे. असा परीक्षक आम्हांस विद्यापीठांतही भेटला नाहीं. सौ. दारांत उभी राहून हा सोहळा पाही, मग शेजारीं येऊन बसे आणि मनीच्या पाठीवरून डोक्यापासून शेपटीपर्यंत सावकाश हात फिरवी. त्या रात्रींपासून आमच्या घरांत चौथा विषय आला.

गेल्या डिसेंबरांत तारकर्लीस गेलों. पाण्याखालीं बोलतां येत नाहीं. सारा व्यवहार खुणांनीं. अंगठा व तर्जनी जुळवून वर्तुळ केलें म्हणजे 'ठीक आहे'. अंगठा वर केला म्हणजे 'वर चला'. पहिल्याच दिवशीं शिक्षकानें खुणेनें खुशाली विचारतांच आम्हीं कॉलेजांतल्या मुलांच्या संवयीनें झोंकांत अंगठा वर केला, आणि त्या सज्जनानें आम्हांस दंडाला धरून वर आणलें. दुसऱ्यांदा तसेंच झालें. तिसऱ्यांदा तो तरुण मालवणी हेलांत म्हणाला, "सर, अंगठो दाखवचो नाय." आयुष्यभर सह्या करून जगलेल्या माणसाला अंगठ्यावरून बोलणें खावें लागलें!

खरी परीक्षा समुद्रांत झाली. दुसऱ्या बुडीला आम्ही नऊ मीटरांपर्यंत उतरलों होतों. पिवळ्या अंगावर काळे पट्टे असलेले मासे प्रवाळखडकाभोंवतीं फिरत होते. सौ.च्या मनगटावरचा लाल दोरा काळपट दिसत होता. तांबडा रंग पाण्यांत सर्वांआधीं लोपतो. एवढें पाहत आहों तोंच आमच्या काचेंत पाणी शिरलें. नाकांत गेलें. दिसेनासें झालें. पानशेतचें सारें पाणी आमच्यावर आलें. तोंडांतली नळी फेंकून वर धांव घ्यावी, ही एकच बुद्धि उरली. आणि श्वास, अर्थातच, कोंडला होता.

कोणीतरी आमच्या खांद्याचा पट्टा घट्ट धरला. पाण्यांतून सौ.चा चेहरा अंधुक दिसला. तिनें वर्तुळ केलें नाहीं कीं अंगठा दाखविला नाहीं. मोकळ्या हाताचा पंजा आडवा धरून तो तिनें पाण्यांतून सावकाश फिरविला, डोक्यापासून शेपटीपर्यंत. पुन्हा एकदां. ही खूण जगांतल्या कोणत्याही पाणबुड्यांच्या पुस्तकांत नाहीं. आमचा श्वास सुटला. बुडबुड्यांचा तो घोंगावता आवाज ऐकतां ऐकतां शिकविलेलें आठवलें: काचेची वरची कड दाबून, मान वर करून नाकानें हवा सोडली. पाणी निघून गेलें. आणखी वीस मिनिटें आम्ही खालीं होतों. पट्टा तिनें सोडला नाहीं, आणि तिनें सोडावा असें आम्हांसही वाटलें नाहीं.

घरीं परतलों तों मनी रुसलेली. शेजारच्या वहिनींनीं तिचें हवें नको सारें पाहिलें होतें. पण दोन दिवस ती आमच्याकडे पाठ करून बसली. तिसऱ्या रात्रीं कोचावर आली, दोघांच्या मधोमध जागा करून घेतली आणि झोंपीं गेली.

हा लेख लिहून झाल्यावर सौ.ला वाचून दाखविला. ती म्हणाली, "सगळें खरें आहे. पण ह्यांतले 'आम्ही' म्हणजे तुम्ही एकटेच. पाण्याखालीं आपण होतों."

मराठीनें इंग्रजीला नसलेली एक सोय करून ठेवली आहे. ऐकणाऱ्याला दाराबाहेर ठेवणारें 'आम्ही' निराळें, आणि त्याला शेजारीं बसवून घेणारें 'आपण' निराळें. तीस वर्षें दुसऱ्यांची भाषा शिकविण्याच्या नादांत स्वतःच्या भाषेंतला हा भेद आम्हीं घरांत कधीं वापरलाच नव्हता. लेख बदलावयास आतां अवधि नाहीं. संपादकांची मुदत उद्यांची आहे. पण कागद बाजूला ठेवून आम्ही सौ.ला म्हणालों, "येत्या डिसेंबरांत आपण किल्ला पाहूं या."

"मी पाहिला आहे," ती मनीच्या पाठीवरून हात फिरवीत म्हणाली. "पण येईन."