बाटलीवरची बारीक अक्षरे

साठी उलटल्यानंतर आरशाशी असलेले आपले नाते सैल होते. तो काय सांगणार हे ठाऊक असल्यामुळे त्याची धास्ती उरत नाही. तरीही त्वचेची निगा राखणे हा केवळ तरुणांचा छंद आहे, असे मला वाटत नाही. डोळ्यांसाठी चष्मा आणि दातांसाठी कवळी आपण निःसंकोचपणे स्वीकारतो. मग त्वचेच्या बाबतीतच संकोच कशाला?

गेल्या वर्षी माझ्या गालांवरचे वांग वाढले आणि त्वचा खरखरीत झाली, तेव्हा त्वचारोगतज्ज्ञांनी रात्री लावण्यासाठी ग्लायकोलिक ॲसिडचे सौम्य लोशन लिहून दिले. चेहऱ्याला ॲसिड, या कल्पनेनेच घरातील मंडळी दचकली. बँकेतील नोकरीने मला मात्र एक सवय लावली आहे. कोणताही कागद हाती आला, की मोठ्या अक्षरांतील आश्वासने बाजूला ठेवून बारीक अक्षरांतील अटी आधी वाचायच्या. या बाटलीच्या बाबतीतही मी तेच केले.

आपल्या सांगली-कोल्हापूरच्या शिवारात डोलणाऱ्या उसातही हे आम्ल अल्प प्रमाणात असते. दह्यातील लॅक्टिक, चिंचेतील टार्टारिक, सफरचंदातील मॅलिक ही त्याचीच भावंडे. या कुळात ग्लायकोलिकचा रेणू सर्वांत लहान असल्याने तो त्वचेत लवकर शिरतो. गुण लवकर येतो आणि झोंबतेही लवकर. त्वचेच्या सर्वांत वरच्या थरातील मृत पेशी एकमेकींना धरून असतात. वय वाढते तशी त्या गळून पडण्याची गती मंदावते आणि कांती निस्तेज दिसू लागते. हे आम्ल त्या पेशींमधील पकड सैल करते. यूजीन व्हॅन स्कॉट आणि रुई यू या अमेरिकेतील दोन संशोधकांनी १९७४ मध्ये, त्वचेवर माशासारखे खवले धरणाऱ्या इक्थिओसिस या विकारावर अशा आम्लांचा उपयोग होतो, हे दाखवून दिले. म्हणजे आज प्रसाधनांच्या दुकानात दिसणाऱ्या या वस्तूची सुरुवात रुग्णांच्या उपचारातून झाली.

आपल्या घरांतील पहिला प्रश्न असतो, ‘यात प्राणिज काही नाही ना?’ बाजारात वापरले जाणारे ग्लायकोलिक ॲसिड प्रामुख्याने रासायनिक प्रक्रियेने तयार होते. मात्र ते ज्या क्रीममध्ये मिसळतात, त्यात मधमाश्यांचे मेण किंवा लोकरीतील लॅनोलिन असू शकते. म्हणून घटकांची संपूर्ण यादी वाचावी. प्राण्यांवर प्रसाधनांच्या चाचण्या करण्यास भारताने २०१४ पासून बंदी घातली आहे, हेही आपल्या वाचकांनी जाणून घ्यावे.

आता आकड्यांकडे येते. बाटलीवर १० टक्के लिहिले म्हणजे तेवढे सारे आम्ल कामास येते असे नाही. द्रावणाचा पीएच ३.८ च्या आसपास असेल, तर सुमारे निम्मेच आम्ल मुक्त स्वरूपात असते. पीएच त्याहून कमी झाला की मुक्त आम्ल वाढते आणि त्वचेचा दाहही वाढतो. टक्केवारी सारखी असूनही एक बाटली सोसवते आणि दुसरी भाजते, ती यामुळेच. अमेरिकेतील प्रसाधन-घटक परीक्षण मंडळाने १९९८ मध्ये घरगुती वापरासाठी १० टक्क्यांपर्यंत प्रमाण आणि ३.५ किंवा त्याहून अधिक पीएच ही मर्यादा सांगितली. शिवाय उन्हापासून संरक्षणाची अटही घातली.

ही शेवटची अट सर्वांत महत्त्वाची आहे आणि नेमकी तीच आपल्याकडे दुर्लक्षिली जाते. हे आम्ल लावणाऱ्या त्वचेला ऊन अधिक बाधते. आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेचा स्वभावही असा, की दाह झाला तर त्या जागी काळा डाग उमटतो आणि तो महिनोन्‌महिने राहतो. डाग घालवायला जावे आणि नवे डाग पदरी पडावेत, असा हा उलटा व्यवहार होतो.

याचा प्रत्यय गेल्या उन्हाळ्यात घरातच आला. बावीस वर्षांची माझी भाची सुट्टीत राहावयास आली होती. दोन्ही गाल लाल, ओठांच्या कडेला साल सुटलेली. चौकशी केली तेव्हा कळले, की ती रोज रात्री १० टक्क्यांचे द्रावण लावी, सकाळी बेसनात लिंबू पिळून चेहरा घाशी आणि सनस्क्रीनशिवाय दुपारच्या उन्हात स्कूटर चालवी. कारण विचारताच तिने डोळे खाली घातले आणि विचारले, “मावशी, रंग उजळायला अजून किती दिवस लागतील गं?”

एका स्थळाकडून फोनवर पहिली चौकशी रंगाची झाली होती. बघण्याचा कार्यक्रम आठ दिवसांवर होता आणि माझ्या धाकट्या बहिणीने पार्लरमध्ये ‘पील’ करून घेण्याचे ठरवले होते. मी तिला फोन केला. “ताई, तुला सांगायला काय जातं? मुलगी माझी आहे,” ती म्हणाली. मी रागावले नाही. तिच्या आवाजातील भीती मला ओळखीची होती. मी इतकेच सांगितले, की आधीच सोललेल्या त्वचेवर तीव्र आम्ल लावले तर डाग जन्माचे सोबती होऊ शकतात. डॉक्टरांना एकदा दाखवू, मग तू म्हणशील ते.

डॉक्टरांनी पील करण्यास साफ नकार दिला. सर्व बंद करून केवळ सौम्य फेसवॉश, मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन ठेवले. भाचीला त्यांनी समजावले, की हे आम्ल मृत पेशी दूर करते, डाग थोडे फिके करते. जन्मजात वर्ण बदलणे त्याच्या हाती नाही. कार्यक्रमाला ती आपल्याच रंगात, किंचित लालसर गालांनी बसली. ते स्थळ जमले नाही. बहीण दोन महिने माझ्याशी मोजकेच बोलली. भाचीच्या गालांवर मात्र एकही डाग राहिला नाही आणि पुढच्या स्थळाला तिने स्वतःच फोनवर सांगितले, “मी सावळी आहे.”

माझा क्रम साधा आहे. आधी कोपराच्या आतील बाजूस लावून दोन दिवस वाट पाहिली. आठवड्यातून दोन रात्री, चेहरा धुऊन पूर्ण कोरडा झाल्यावर, डोळे आणि ओठ टाळून पातळ थर, त्यावर मॉइश्चरायझर. त्या रात्री रेटिनॉल किंवा दुसरे तीव्र औषध नाही. ब्लीच अथवा वॅक्सिंगनंतर काही दिवस विश्रांती. सकाळी किमान ३० एसपीएफचे सनस्क्रीन, ढगाळ दिवशीसुद्धा. चार महिन्यांत खरखर गेली, वांग थोडे फिके झाले, पूर्ण गेले नाही. माझी तक्रार नाही.

घरातील मुली अशी बाटली आणतील तेव्हा त्यांना रागावू नका. चष्मा लावून त्यांच्याजवळ बसा आणि बारीक अक्षरे मिळून वाचा. आणि ती कशासाठी आणली, हे अवश्य विचारा. त्या उत्तरावर उपाय करणारे आम्ल कोणत्याही दुकानात मिळत नाही. तो उपाय आपल्या घरांनीच करावयाचा आहे.