तेहेतीस नंबर

"आर यू अ रजिस्टर्ड व्होटर?"

सनीवेलच्या इंडियन ग्रोसरीतून दोन्ही हातांत पिशव्या घेऊन बाहेर पडलो की हा प्रश्न हमखास यायचा. २०२३ चा नोव्हेंबर-डिसेंबर. दाराशी घडीचं टेबल, त्यावर चार-पाच क्लिपबोर्ड आणि मागे टोपीवाला एक माणूस. मी "नो" म्हटलं की, "पास आहे" म्हटल्यावर पीएमटीचा कंडक्टर जसा पुढच्या सीटकडे वळतो तसा तो माझ्या मागच्या बाईंकडे वळायचा. राग नाही, लोभ नाही. त्याला दर सहीमागे पैसे मिळतात आणि माझी सही बिनकामाची. एचवन-बी वाल्याला कर भरता येतो, मत देता येत नाही.

एकदा मात्र बाजूला उभं राहून त्याचे क्लिपबोर्ड वाचले, आणि तिथेच अडकलो. म्हणजे इथे कायदा करायला आमदार लागतातच असं नाही! कॅलिफोर्नियात ही सोय १९११ पासून आहे. त्या काळी सदर्न पॅसिफिक या रेल्वे कंपनीने अख्खं राज्यच खिशात घातलं होतं. तिला शह द्यायला गव्हर्नर हायरम जॉन्सनने लोकांच्याच हातात कायदा करायची किल्ली दिली. दोन हजार डॉलर भरायचे, मसुदा द्यायचा, अ‍ॅटर्नी जनरल त्याला नाव आणि शंभर शब्दांत सारांश देतो, आणि मग १८० दिवसांत सह्या गोळा करायच्या. साध्या कायद्याला ५,४६,६५१ आणि घटनादुरुस्तीला ८,७४,६४१, म्हणजे २०२२ ला गव्हर्नरपदासाठी पडलेल्या मतांच्या ५ आणि ८ टक्के. सगळ्या सह्या तपासतही नाहीत हं. नमुना काढतात. अंदाज ११० टक्क्यांच्या वर गेला तर पास, ९५ च्या खाली तर नापास, मधे अडकलात तर पूर्ण मोजणी.

आता हे वाचून इंजिनिअर माणसाच्या डोक्यात दुसरं काय येणार? ही तर स्टेट मशीन! त्याच शनिवारी एक स्प्रेडशीट उघडली. मसुदा, सह्या चालू, तपासणी, पात्र, मतदान. पाच स्टेटस, झालं काम. २०२४ निवडणुकीचं वर्ष, तेव्हा म्हटलं नुसतं कॅलिफोर्नियाच कशाला, सगळीच राज्यं घेऊ. रात्रीपर्यंत संपवू.

कसलं संपवतोय...

पहिला दणका ओहायोने दिला. मी राज्य आणि क्रमांक मिळून प्रायमरी की केली होती. ऑगस्ट २०२३ ला तिथे 'इश्यू १' होता: घटनादुरुस्तीला यापुढे ६० टक्के मतं लागावीत. तो पडला. तीन महिन्यांनी नोव्हेंबरात पुन्हा 'इश्यू १', विषय गर्भपाताचा हक्क. तो पास झाला. आणि २०२४ ला मतदारसंघांच्या फेररचनेवर आणखी एक 'इश्यू १'! कॅलिफोर्नियात दर दहा वर्षांनी आकडे पुन्हा एकपासून सुरू होतात, त्यात २०२४ ला विधिमंडळाने आपल्या प्रस्तावांना २ ते ६ हे आकडे स्वतःच घेतले, जे २०१८ लाही होते. की मधे वर्ष घातलं, मग तारीख घातली, तेव्हा कुठे शांतता.

स्टेटसचंही तेच. कॅलिफोर्नियात पात्र ठरायच्या आधी प्रस्ताव मागे घेता येतो, २०१४ च्या कायद्यापासून. त्यामुळे बरेच जण सह्या गोळा करतात ते मतदानासाठी नाहीच, विधिमंडळाला दम द्यायला. "आमच्याशी बोला, नाहीतर लोकांकडे जातो." २०२४ च्या जूनमधे शेवटच्या आठवड्यात मी रोज संध्याकाळी शीट बघायचो आणि रोज एखादी ओळ गळायची. कामगारांनी मालकांवर करायच्या दाव्यांचा प्रस्ताव तडजोड होऊन मागे. तेलविहिरींच्या कायद्याविरुद्धचा तेल कंपन्यांनीच मागे घेतला. करवाढीला वेसण घालणारा एक मोठा प्रस्ताव तर पात्र ठरलेला असून राज्याच्या सुप्रीम कोर्टाने २० जूनला मतपत्रिकेवरून काढून टाकला. आणि युटाने तर कमाल केली. तिथली 'अमेंडमेंट डी' सप्टेंबरात कोर्टाने रद्दबातल ठरवली, पण तोवर मतपत्रिका छापायला गेलेल्या. म्हणून प्रश्न छापलेलाच राहिला, लोकांनी खुणाही केल्या असतील, मोजणी मात्र नाही. या एका ओळीसाठी मी वेगळं स्टेटस केलं: 'छापलाय पण नाहीये'. पाचाची अकरा स्टेटस झाली. ऑफिसात कोणी असं डिझाइन आणलं असतं तर मीच त्याला फाडून खाल्लं असतं.

'पास' हा कॉलमसुद्धा सरळ नाही. फ्लोरिडाच्या गर्भपात प्रस्तावाला २०२४ मधे ५७ टक्के मतं पडली आणि तो पडला, कारण तिथे ६० लागतात. ही साठची अट लोकांनीच २००६ ला मंजूर केली होती, ५८ टक्क्यांनी! असो.

या उद्योगाची खबर माझ्या घरमालकांना लागली. मी ज्या कॉन्डोत राहतो तो एका मराठी काकांचा. काका-काकू स्वतः क्युपर्टिनोत राहतात, १९९६ ला घेतलेल्या घरात. काका मूळचे फोंड्याचे. ऑक्टोबरात मतदानाचा लिफाफा आणि सरकारी माहितीपुस्तक घरी आलं तसा फोन, "अरे, तुझं ते लिस्ट घेऊन जेवायला ये रविवारी. दहा प्रश्न आहेत, माझं डोकं चालत नाही."

त्यांच्या घरात बसलं की प्रॉप १३ समोर चालता-बोलता दिसतो. १९७८ चा तो प्रस्ताव. मालमत्ता कर खरेदीच्या किमतीच्या एक टक्का आणि ती किंमत वर्षाला फार तर दोन टक्के वाढणार. काकांनी घर साडेतीन लाखांना घेतलं, कराच्या कागदावर ते आज सहा लाखांच्या आसपास. शेजारच्या नव्या जोडप्याने तसंच घर तीस लाखांना घेतलं आणि ते काकांच्या पाचपट कर भरतात. एकच भिंत, एकच कचऱ्याची गाडी. काकू म्हणतात, "आम्ही काय चोरी केली का? आम्हाला मतसुद्धा नव्हतं तेव्हा!" तेही खरंच आहे.

जेवण झालं, सोलकढी झाली. काका मुद्द्यावर यायच्या आधी गोव्याला जाऊन आले. १९६७ च्या जानेवारीत तिथे कौल घेतला होता, महाराष्ट्रात विलीन व्हायचं की वेगळं राहायचं. "फूल म्हणजे विलीन, दोन पानं म्हणजे वेगळं. प्रश्न एक, चिन्हं दोन. आणि इथे बघ, पुस्तक!" काका तेव्हा आठ वर्षांचे. वडील मराठीवाले, फुलाचे. फूल ३४ हजार मतांनी हरलं आणि वडील आठवडाभर जेवताना कोणाशी बोलले नाहीत, इतकंच त्यांना आठवतं.

मग मी लॅपटॉप उघडला. शाळांच्या कर्जरोख्यांचा २ नंबर, विवाहाच्या हक्काचा ३, पाण्या-हवामानाचा ४, भराभर उरकले. ६ नंबरला थांबलो. तुरुंगातल्या सक्तीच्या मजुरीवर बंदी, आणि पुस्तकात विरोधी बाजूची जागा रिकामी, कोणी युक्तिवाद दिलाच नव्हता. (तो पुढे पडला. त्याच दिवशी शेजारच्या नेवाडात तसाच प्रस्ताव पास झाला. मी दोन्हींची भाषा शेजारी ठेवून पाहिली, नेवाडाच्या प्रश्नात 'गुलामगिरी' शब्द आहे, आपल्याकडे नाही.)

आणि मग आला तेहेतीस.

माझ्या शीटमधे समोर लिहिलं होतं, 'भाडेवाढीला लगाम'. काकांनी चष्मा वर केला. काकू म्हणाल्या, "लगाम म्हणजे किती टक्के?"

मी गप्प. कारण टक्के नव्हतेच. १९९५ चा कोस्टा-हॉकिन्स नावाचा कायदा आहे. त्याच्यामुळे शहरांना स्वतंत्र घरांवर, कॉन्डोंवर आणि त्या वर्षानंतरच्या इमारतींवर भाड्याची मर्यादा घालता येत नाही, आणि जुना भाडेकरू गेला की भाडं मालकाच्या मर्जीवर. तेहेतीस तो कायदा रद्द करणार होता, पुढे काय ते शहरांनी ठरवायचं. सनीवेलने ठरवलं असतं का, कोण जाणे. राज्याची भाडेवाढीची मर्यादा आहे, पण वैयक्तिक मालकीचा कॉन्डो त्यातून वगळलेला. माझ्या भाडेकरारातच तसं छापलंय, मी सही केलीय त्याच्याखाली. दर फेब्रुवारीला काका जो आकडा सांगतात तो.

म्हणजे अख्ख्या शीटमधे ही एक ओळ माझ्या खिशातली होती आणि नेमकी तीच मी वाकडी लिहिली होती. मुद्दाम नाही... पण बाकीच्या ओळी मी सरकारी शीर्षकावरून घेतल्या होत्या, हिलाच तेवढं माझं मराठी नाव. सरकारी शीर्षक कोरडं होतं, स्थानिक सरकारांना भाडेनियंत्रणाचे जास्त अधिकार, बस्स. अ‍ॅटर्नी जनरलच्या शीर्षकांवरून लोक कोर्टात का जातात ते त्या सोफ्यावर बसून कळलं.

"काका, हे मी चुकीचं लिहिलंय," असं म्हणून त्यांच्यासमोर ओळ खोडली आणि वरचं सगळं सांगितलं. माझ्या फायद्याचं असू शकतं हेही. विरोधकांचं म्हणणं सांगितलं, की अशाने नवीन घरं बांधणंच कमी होईल. समर्थकांनी हाच विषय २०१८ आणि २०२० ला आणला होता आणि दोन्हीदा हरले, हेही. शेजारचा चौतीस नंबर म्हणजे घरमालकांच्या संघटनेने तेहेतीसच्या मुख्य देणगीदार संस्थेवर सोडलेला बाण आहे, हे ऐकून काकू खुदकन हसल्या. काकांनी एवढंच विचारलं, "तुझं मत असतं तर?"

"हो म्हटलं असतं."

"हं," म्हणाले आणि मतपत्रिका घेऊन आतल्या खोलीत गेले.

काय भरलं ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. राज्यात तेहेतीस साठ टक्क्यांनी पडला, चौतीस काठावर पास झाला. फेब्रुवारीत भाडं वाढलं, आदल्या वर्षीइतकंच.

निघताना काकांनी दोन बंद लिफाफे हातात दिले. "लायब्ररीपाशी पेटी आहे, जाता जाता टाक." इथे दुसऱ्याचं मत कोणीही नेऊन टाकू शकतो, फक्त लिफाफ्यावर नेणाऱ्याचं नाव, मतदाराशी नातं आणि सही लागते. मी काकांच्या डायनिंग टेबलावर बसून नाव लिहिलं. नात्याच्या रकान्यात 'फ्रेंड' लिहायला गेलो.

"टेनंट लिही," काका म्हणाले. "खरं ते लिही."

लिहिलं, दोन्हींवर सही केली आणि शेजारच्या सीटवर लिफाफे ठेवून गाडी चालू केली.