हॉर्न मुका झाला तेव्हा

हॉर्न वाजला नाही म्हणून तुमच्या पोटात कधी गोळा आलाय? माझ्या आला होता!

१९९१ साल. मी सहावीत होतो, भडगावला. काकांची जुनी जीप आमचा सालदार अंगणात धूत होता. मीही हौसेने एक बादली उचलली आणि फाडकन पुढच्या जाळीवर ओतली.

दुसऱ्या दिवशी आत्याला आणायला आम्ही तिघं काजगाव स्टेशनला निघालो. वळणावर एक पोरगा बकऱ्या घेऊन आडवा आला. काकांनी बटण दाबलं. आवाजच नाही! करकचून ब्रेक लागला. पोरगा बाभळीत उडी मारून वाचला.

काका भडकले. "पाणी कुठं मारलं होतं रे? नव्या हॉर्नचे पैसे तुझ्या सालातून कापतो!"

सालदारदादाने माझ्याकडे पाहिलं. बोलला नाही. मीही गप्प.

संध्याकाळी मिस्त्रीकडे गेलो. काका म्हणाले, "नवीनच टाक." मिस्त्री हसला, "थांबा भाऊ. आधी रोग, मग औषध."

हॉर्नच्या पोटात विद्युतचुंबक असतो बरं का. तो पोलादी पातळ पडदा ओढतो. पडदा ओढला की आतला संपर्क तुटतो, पडदा मागे जातो, संपर्क पुन्हा जुळतो. सेकंदाला तीन-चारशे वेळा हे चालतं, आणि तोच आपल्याला ऐकू येणारा आवाज!

मिस्त्रीने फ्यूज पाहिला. शाबूत. मग दोन वायरी जोडलेला छोटा बल्ब घेतला. एक टोक जीपच्या उघड्या लोखंडाला, दुसरं हॉर्नकडे येणाऱ्या वायरीला. मला म्हणाला, "भो, बटण दाब!" बल्ब लख्ख पेटला. म्हणजे फ्यूज, बटण, वायर सगळं ठीक. वीज हॉर्नपर्यंत पोचतेय. पण विजेला परतीची वाटही लागते ना! ती वाट म्हणजे गाडीचं लोखंड. (काही गाड्यांत बटणच परतीच्या वाटेवर असतं, तिथे तपासणी वेगळी.) त्याने बॅटरीच्या ऋण टोकापासून एक वायर थेट हॉर्नच्या अंगाला लावली. मी बटण दाबलं आणि... पोंऽऽऽ! लिंबावरचे कावळे उडाले.

हॉर्न बिचारा धडधाकट होता. तो जिथे बोल्टने बसवला होता, तिथे गंज चढला होता. मिस्त्रीने पॉलिश पेपरने घासून लोखंड चकचकीत केलं, बोल्ट आवळला, पाच रुपये घेतले. (हे उद्योग मोठ्यांशिवाय करायचे नाहीत हं. बॅटरीच्या दोन टोकांना चुकून पाना टेकला तर चटका बसतो.)

"पाण्यामुळं झालं ना?" काकांनी विचारलं.

"एका बादलीनं एवढा गंज चढतो का भाऊ? दोन-तीन पावसाळ्यांचा आहे हा."

आता बोललो नसतो तरी चाललं असतं. पण तोंडातून निघालंच, "काका, जाळीवर पाणी मी ओतलं होतं."

"मग सकाळी का नाही बोललास?"

मी चपलेच्या अंगठ्याकडे पाहत राहिलो.

परतताना काकांनी सालदारदादाला पुढे बसवलं. मी मागे. वळण आलं तसे काका त्याला म्हणाले, "दाब बटण." त्याने एवढा वेळ दाबून धरलं की शेवटी काकाच म्हणाले, "पुरे रे आता!"